काटा चांगला, तरी अंबाडा ओघळतोच? आधी अंबाडा मोजा

सकाळची लोकल, दिवा नुकतंच गेलं होतं. मागून एक बाई म्हणाल्या, "ताई, तुमचा काटा निघतोय हो." हात मागे नेईपर्यंत काटा पायाशी पडला होता आणि सगळा शेपटा शेजारणीच्या डब्याच्या पिशवीवर. त्या गर्दीत वाकायलाही जागा नव्हती. ठाण्याला डबा थोडा हलका झाला, तेव्हा कोणीतरी काटा उचलून दिला.

हे एकदाच झालं असतं तर मी लिहायला बसले नसते. माझे केस कंबरेच्या खाली जातात आणि दाट आहेत. रबर दोन वेढ्यांत तुटतं, क्लचचे दात महिन्याभरात उडतात. म्हणून चार वर्षांपूर्वी मी काट्याकडे वळले. काटा म्हणजे दोन किंवा तीन दातांची, कमानीसारखी पिन. बाजारात 'जुडा पिन' म्हणून मागितली की मिळते, ऑनलाइन 'हेअर फोर्क' म्हणून. चार वर्षांत सहा काटे घेतले आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लांब घेतला. माझी समजूत अशी की केस लांब, म्हणजे काटाही लांब हवा. विकणारेही सात इंची काट्यावर 'लांब केसांसाठी' असंच लिहितात. आणि तरीही अंबाडा तासाभरात मानेवर यायचाच.

चूक तिथेच होती. केस किती लांब आहेत, याच्याशी काट्याचा संबंधच येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो गुंडाळलेला अंबाडा. माझ्या नणंदेचे केस माझ्याइतकेच लांब आहेत, पण विरळ आणि रेशमी. तिचा अंबाडा जेमतेम सहा सेंटिमीटर रुंद होतो, माझा नऊ. माझेच केस पीळ देऊन गुंडाळले तर नऊ, वेणी घालून गुंडाळले तर साडेदहा. एकच डोकं, लांबी तीच, पण माप दोन. म्हणून काटा घेण्याआधी, किंवा घरातला काटा टाकून देण्याआधी, अंबाडा मोजा.

मोजायचं कसं

टेप लावून अंबाड्याची रुंदी वरवर मोजली तर फसायला होतं, कारण काटा वरून जात नाही, आतून वळण घेत जातो. सगळ्यात सोपं साधन म्हणजे विणकामाची एक सरळ सुई. नेहमीसारखा अंबाडा घाला आणि काट्याच्या जागी ती सुई घाला (घालायची पद्धत पुढे सांगते, ती आधी वाचा). सुई जिथे आत शिरते आणि जिथून बाहेर येते, त्या दोन्ही ठिकाणी बोटांनी पक्की धरा, बाहेर काढा आणि धरलेल्या जागांवर रंगीत दोरा बांधा. दोन दोऱ्यांमधलं अंतर हे तुमचं खरं माप. त्यात एक ते दीड सेंटिमीटर मिळवा, कारण दातांची टोकं पलीकडे थोडी तरी दिसायला हवीत. टोकं आतच राहिली तर पलीकडची कड धरलीच जात नाही. माझं माप नऊ निघालं, म्हणजे मला साडेदहाचा काटा हवा होता. मी वापरत होते त्याचे दात साडेतेराचे होते.

लांब काटा सैल का पडतो, हे मला बराच काळ कळत नव्हतं. तीन-चार सेंटिमीटर टोकं बाहेर डोकावतात. ती पदराला अडकतात, बसच्या सीटला टेकतात, बॅगेच्या पट्ट्याला लागतात, आणि प्रत्येक धक्का तरफेसारखा अंबाड्याच्या आत पोचतो. दिवसभर कोणीतरी मागून अंबाडा उचकटत असल्यासारखंच ते असतं. आखूड काट्याची तऱ्हा वेगळी. तो मधला भाग धरतो आणि बाहेरचा वेढा मोकळा सोडतो. अंबाडा गोल फिरत सुटतो आणि काटा मात्र आत तसाच. तुमचा अंबाडा सुटतो तेव्हा काटा खाली पडतो की केसांतच राहतो, हे दोन दिवस पाहा. पडत असेल तर तो बहुधा लांब आहे किंवा नीट रोवला गेलेला नाही. आत राहत असेल तर आखूड आहे.

मोजमाप तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या: न्हाल्यावर, तेल लावल्यावर आणि वेणीच्या अंबाड्याचं. तीन आकडे वेगळे येतील. रोज जो अंबाडा घालता, त्याचा आकडा धरा.

आता विकत घेताना. विकणारे सांगतात ती काट्याची एकूण लांबी असते, वरच्या नक्षीसकट. आपल्याला हवी ती कमानीच्या आतल्या कडेपासून टोकापर्यंतची, म्हणजे दातांची लांबी. 15 सेंटिमीटरच्या काट्याला चार सेंटिमीटरचा मोर बसवलेला असेल तर कामाला 11 च उरतात. फोटोत पट्टी ठेवलेली नसेल तर विचारा. दुकानात जाणार असाल तर तुमच्या मापाएवढी दोरी कापून पर्समध्ये ठेवा आणि दातांशेजारी धरून बघा. तुळशीबागेत किंवा दादरला हे अगदी सहज होतं, कोणी हरकत घेत नाही.

दातांमधली फट

लांबीइतकीच महत्त्वाची, पण कोणी बघत नाही अशी गोष्ट. केसांचा पोनीटेल करून त्याच्याभोवती दोरी गुंडाळा आणि दोरी मोजा. पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर केस विरळ, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर दाट, असं मी ढोबळ धरते. दाट केसांना दोन दातांमध्ये भरपूर फट लागते. फट अरुंद असली तर केसांचा जाड पट्टा आत मावत नाही, दात फाकतात, आणि लाकडी काटा नेमका कमानीत तडकतो. माझे दोन काटे असेच गेले. विरळ केसांना उलट हवं: जवळजवळचे तीन दात, म्हणजे केस तीन ठिकाणी विभागून धरले जातात.

एका काडीपेक्षा दोन दात बरे, याचं कारणही इथेच आहे. गोल काडी अंबाड्यात स्वतःभोवती फिरू शकते, आणि फिरली की सरकते. दोन दात एका कमानीत जोडलेले असले की फिरायला जागाच नसते. चिनी भाषेत एका दांडीच्या केसपिनेला आणि दोन दांड्यांच्या पिनेला फार जुन्या काळापासून दोन वेगळे शब्द आहेत, पहिलीला त्सान, दुसरीला छाय. आपल्याकडचा आकडा, म्हणजे केसांत खोचायची तारेची बारीक पिन, तोही दोन पायांचाच. त्याचे पाय मध्ये नागमोडी केलेले असतात ते शोभेसाठी नाही, निसरडे केस त्या वळणांत अडकावेत म्हणून.

घालायची पद्धत: धावदोरा आठवा

माप बरोबर असूनही अंबाडा सुटत असेल तर चूक जवळजवळ नेहमी इथेच असते. आपण काटा सुरीसारखा सरळ अंबाड्यात खुपसतो. तो केसांच्या गोळ्यातून जातो खरा, पण डोक्याला कुठे धरतच नाही. गोळा आणि डोकं यांच्यात काही सांधाच नाही, मग तो ओघळणारच.

शिवणात धावदोरा कसा घालतो? सुई वर, खाली, पुन्हा वर. काटाही तसाच. केसांना पीळ देऊन गुंडाळा, शेवटचं टोक खाली दडपा आणि ते टोक जिथे संपतं त्या बाजूने सुरुवात करा. काटा उलटा धरा, म्हणजे दातांची टोकं अंबाड्याकडे नाही, अंबाड्यापासून बाहेरच्या दिशेला. टोकांनी अंबाड्याच्या कडेचे थोडे केस उचला, बोटभर जाडीचे पुरे. तसंच टोक डोक्याच्या कातडीला अलगद टेकवा आणि अंबाड्याशेजारचे डोक्यावरचे थोडे केस उचला. आता काटा पालथा फिरवा, टोकं अंबाड्याच्या मध्याकडे येतील. फिरवताना ताण जाणवतो, एक छोटी ओढ बसते. ती ओढ जाणवली नाही तर पुन्हा सुरू करा, कारण सगळी पकड त्या एका वळणात आहे. मग डोक्याला घासत, अंबाड्याच्या पोटाखालून काटा पुढे ढकला आणि पलीकडच्या कडेपाशी टोकं वर काढा.

बाक असलेला काटा असेल तर शेवटी त्याची खोलगट बाजू डोक्याकडे यायला हवी. म्हणजे सुरुवातीला, उलटा धरलेला असताना, ती बाहेर बघत असेल. डोक्याची मागची बाजू गोल असते. बाकदार काटा त्या गोलाईला धरून जातो, सरळ काटा मध्येच कातडीला रुततो. डोक्याचा मागचा भाग चपटा असेल तर सरळ काट्यानेही छान काम होतं.

घातल्यावर मान खाली-वर करा, मग दोन्ही बाजूंना झटका द्या. काटा हलला तर काढा आणि परत घाला, वरून अजून एक पिन खोचू नका. काट्याचा माथा जड असेल तर तो आडवा न घालता वरून तिरका खाली घाला. वजनाने तो आतच जातो. खालून वर घातलेला जड काटा दिवसभर स्वतःच्या वजनाने बाहेर यायला बघतो.

माझ्या हाताला हे जमायला आठवडा लागला. आरशात बघून जमत नाही, उलटं दिसतं आणि हात चुकतो. डोळे मिटून, बोटांनी चाचपत करा.

नुकते धुतलेले केस, ओले केस

नणंदेचं दुखणं वेगळं होतं. तिचं माप बरोबर, पद्धत बरोबर, तरी दर रविवारी अंबाडा सुटायचा. रविवार म्हणजे न्हाण्याचा दिवस. कंडिशनरनंतर रेशमी केस इतके गुळगुळीत होतात की एकमेकांवरूनच घसरतात. सोमवारी तोच काटा घट्ट बसायचा, कारण तोवर केसांना स्वतःचं तेल सुटलेलं असतं आणि ते एकमेकांना धरून राहतात. न्हाल्याच्या दिवशी तिने आधी सैलसर वेणी घालून मग अंबाडा घालायला सुरुवात केली. वेणीला पेडांचे खाचखळगे असतात, काट्याला धरायला जागा मिळते. शिवाय चकाकीचं पॉलिश असलेला धातूचा काटा सोडून तिने साध्या लाकडाचा, तीन दातांचा घेतला. तेवढ्यावर भागलं.

ओल्या केसांचा अंबाडा मात्र घालूच नका. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत पाणी शोषून फुगतात. ओल्यात घट्ट बसलेला अंबाडा वाळता वाळता आकसतो आणि काटा सैल पडतो. दुसरं म्हणजे ओला केस लवकर ताणला जातो आणि तुटतो. पावसाळ्यात ऑफिसला पोचेपर्यंत डोकं भिजलं असेल तर काटा काढून केस पाठीवर सोडा, अर्धा तास थांबा.

डोकं दुखतं

दुखणं कुठे आहे ते नीट ओळखा. एकाच टाचणीएवढ्या जागी झोंबत असेल तर चार-दोन केस एकटेच ताणले गेलेत. ते दिवसभरात सैल होतील अशी वाट बघू नका, काटा काढून परत घाला. सगळं डोकं जड वाटत असेल तर अंबाड्याची जागा बदला. दाट केसांचं ओझं डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या वर बसलं तर मानेला कमी जाणवतं, अगदी मानेवर लोंबलं तर जास्त. कपाळाजवळचे केस ओढले जात असतील तर मात्र गंभीरपणे घ्या. रोज त्याच जागी, त्याच ताणाने केस ओढले गेले की तिथले केस विरळ होत जातात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर मुळं परत केस धरत नाहीत. त्वचेचे डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. आईच्या भांगाजवळची जागा अशीच विरळ झाली आहे. तिने चाळीस वर्षं एकाच ठिकाणी करकचून अंबाडा घातला. आज वर, उद्या खाली, परवा नुसती वेणी, असं आलटूनपालटून करा. नीट घातलेल्या काट्याखाली करंगळी सरकायला हवी.

केस अडकतात, तुटतात

काटा काढताना त्याच्यासोबत तुटलेले केस येत असतील तर जुनी जॉर्जेटची ओढणी घ्या आणि दात तिच्यावरून हलकेच ओढा. डोळ्याला न दिसणारी कुस, चीर, सांधा लगेच धागा धरतो. प्लॅस्टिकच्या काट्यांना साच्याची उभी रेघ असते, ती सगळ्यात वाईट. रंग दिलेल्या स्वस्त काट्यांचा रंग टोकाशी उडतो आणि त्याची कड धारदार होते. माथ्यावरचं फूल डिंकाने चिकटवलेलं असेल तर डिंक आणि दात यांच्या मधल्या फटीत केस जातात.

लाकडी काटा घरी दुरुस्त होतो. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे घासायचा बारीक पॉलिश कागद, आणा, 400, 800 आणि 1200 नंबरचा एकेक. दातांच्या लांबीला धरून घासा, आडवं घासू नका. दोन दातांमधल्या कमानीत कागदाची गुंडाळी घालून फिरवा, कारण केस अडकतात ते बहुधा तिथेच. मग कच्चं जवसाचं तेल कापडावर दोन थेंब घेऊन चोळा, हाताला चिकट लागेनासं होईपर्यंत वाळू द्या, वर थोडं मधाच्या पोळ्याचं मेण. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड जवसाचं तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात. आणि एक काळजीची गोष्ट: जवसाचं तेल लागलेला बोळा चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि कापड आपोआप पेटू शकतं. मोकळ्या हवेत सपाट पसरून पूर्ण वाळवा, मग टाका.

पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुलतं आणि परत खरखरीत होतं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे दोनदा तरी करावं लागतं.

कशाचा घ्यावा

माझ्या मते रोजच्यासाठी शिसव. जड, घट्ट, बारीक दात काढले तरी तग धरणारं लाकूड. घेताना लाकडाच्या रेषा बघा. त्या दातांच्या लांबीने धावायला हव्यात. रेषा आडव्या असतील तर कितीही सुंदर असला तरी ठेवून द्या, तो मोडणार. पितळेचा काटा दाट केसांना चांगला, दात किंचित आत दाबून पकड वाढवता येते. पण घामाने त्याला कळक चढतो, पांढऱ्या केसांवर हिरवट डाग येतो. आठवड्याला चिंचेने घासून, धुऊन, कोरडा करून ठेवा. स्टीलला ही कटकट नाही. शिंगाचा काटा केसांना फार मऊ लागतो. शिंग आणि केस दोन्ही केराटिनचेच. मात्र तो पाण्यात आणि उन्हात वाकतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि कपाटात किडेही लागतात.

दुचाकीवर जाणाऱ्यांनी हेल्मेटखाली कोणताच काटा ठेवू नये. पडलात तर ती टोकं डोक्यात शिरतील. घरून वेणी घालून निघा, काटा पर्समध्ये, पोचल्यावर अंबाडा. गाडीत डोकं मागे टेकून झोपायची सवय असेल तरी हेच.

आता मी दोन काटे वापरते. दोन्ही दोन दातांचे, एक साडेदहाचा, एक बाराचा, वेणीच्या अंबाड्यासाठी. जुन्या सहांपैकी दोन मोडले होते, दोन नातेवाइकांत गेले. उरलेल्या दोघांचे दात कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी दोन-दोन सेंटिमीटर कापून, टोकं गोल करून दिली. एकाच्या रेषा आडव्या होत्या, तो कापतानाच फुटला. दुसरा आई वापरते.

एवढं सगळं करूनही मानेजवळचे आखूड केस निसटत असतील, किंवा स्टेप कट केलेला असेल आणि वरच्या बटा बाहेर येत असतील, तर काटा बदलत बसू नका. ज्या केसांचं टोक अंबाड्यापर्यंत पोचतच नाही, त्यांना काटा धरू शकत नाही. ते आकड्यानेच बसवावे लागतात, आणि दोन आकडे पुरतात.